युनिव्हर्सिटी लायब्ररीत नवीन लागताय? कुठून सुरुवात करायची ते सांगते

ग्रंथालयशास्त्रात बी.लिब. किंवा एम.लिब. करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम कोहा शिकू की सोल शिकू (ही दोन्ही लायब्ररी चालवायची सॉफ्टवेअर) की सरळ पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा क्लास लावू? मी बरीच वर्षं बडोद्यात याच कामात आहे आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं, आधी एका पुस्तकाची कॅटलॉगमधली नोंद चुकीशिवाय करायला शिका. सॉफ्टवेअर पाच-सात वर्षांनी बदलतं, तुम्ही केलेली नोंद मात्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात तशीच्या तशी पुढे जाते, चूक असेल तर चुकीसकट जाते. पुढे डिजिटल म्हणून जे काही येतं, ऑनलाइन सर्च, रिपॉझिटरी (डिजिटल साठा), घरबसल्या ॲक्सेस, ते सगळं त्या नोंदीच्या जिवावर चालतं.

आणि बडोद्यात राहून हे काम शिकायचं म्हणजे आपल्याला एक वारसा आहे हेही माहीत असू द्या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून घेतलं, त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि १९११ मध्ये इथेच ग्रंथपालांसाठी ट्रेनिंगचा वर्ग सुरू केला, भारतातला पहिला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक निघायचं ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. म्हणजे एकाच लायब्ररीत तीन भाषा आणि तीन लिप्या सांभाळायच्या हा आपला जुनाच प्रश्न आहे, फक्त तेव्हा तो कार्डावर होता आणि आता कॉम्प्युटरमध्ये आहे.

पहिलं काम: स्वतःच्याच लायब्ररीत वाचक बनून शोधा

जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात कुणी सांगो न सांगो, रॅकवरून वीस पुस्तकं काढा. सात मराठी, सात गुजराती, सहा इंग्रजी, त्यातली निम्मी जुनी हवीत. मग प्रत्येक पुस्तक ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर शोधून बघा, नावाने, लेखकाने, विषयाने, आणि दोन्ही-तिन्ही लिप्यांत टाइप करून. किती सापडली ते वहीत लिहा. इंग्रजी बहुतेक सगळी सापडतील आणि मराठी-गुजरातीत अडखळायला सुरुवात होईल.

मी हे केलं तेव्हा 'गायकवाड' या एका आडनावावरच अर्धा दिवस गेला. देवनागरीत एक नोंद, गुजरातीत एक, रोमनमध्ये तर तीन प्रकार होते, कुठे जी-ए-ई-के असं राजघराण्याच्या पद्धतीने, कुठे जी-ए-आय-के, कुठे मध्ये जास्तीचा ए. सयाजीराव कधी नावाच्या खाली तर कधी आडनावाच्या खाली, 'तिसरे' कुठे शब्दात कुठे रोमन आकड्यात. पुस्तकं सगळी एकाच रॅकमध्ये शेजारी शेजारी उभी होती, पण वाचकाने एक स्पेलिंग टाकलं तर त्याला त्यातली दोनच दिसायची आणि तो बिचारा आपल्याकडे एवढंच आहे असं समजून निघून जायचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांतला चौथा नियम आपण परीक्षेत पाठ करून लिहितो, वाचकाचा वेळ वाचवा, तो नियम प्रत्यक्षात मोडतो तो असा, आणि कुणाला कळतही नाही.

दुसरं काम: मार्क २१ हाताने भरा

मार्क २१ म्हणजे पुस्तकाची नोंद कॉम्प्युटरमध्ये भरण्याचा ठरलेला साचा, त्यातल्या प्रत्येक रकान्याला नंबराचा टॅग असतो. कॉलेजात मार्कचे टॅग पाठ केलेले असतात पण फॉर्म समोर आला की हात थांबतो. घाबरायचं काही नाही, रोजच्या कामाला पंधरा-वीस टॅग पुरतात. ०२० मध्ये आयएसबीएन, ०४१ मध्ये भाषा, ०८२ मध्ये ड्युईचा (विषयवार वर्गीकरणाचा) नंबर, १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, २४६ मध्ये शीर्षकाचं दुसरं रूप, २५० आवृत्ती, २६४ प्रकाशक (जुन्या नोंदींत हेच २६० मध्ये सापडेल), ३०० पानं आणि आकार, ६५० विषय, ७०० मध्ये भाषांतरकार किंवा संपादक, ८५६ मध्ये लिंक. एवढं हातात बसलं की बाकीचं बघून बघून येतं.

मराठी-गुजराती पुस्तकात मी तुम्हाला एक सवय लावून घ्यायला सांगेन, २४५ मध्ये शीर्षक पुस्तकावर ज्या लिपीत छापलंय त्याच लिपीत घ्या आणि २४६ मध्ये रोमन रूप द्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी सापडेल. मार्कमध्ये दुसऱ्या लिपीसाठी ८८० हा खास टॅग आहे, तो वापरता आला तर उत्तमच, पण तुमच्या लायब्ररीत आधीपासून काय चालत आलंय ते विचारून घ्या आणि सगळे तेच करा, कारण अर्ध्या नोंदी एका पद्धतीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या असणं सगळ्यात वाईट. भाषेचा कोड मराठीला एम-ए-आर आणि गुजरातीला जी-यू-जे, हा चुकला की भाषेनुसार फिल्टर लावणाऱ्याला पुस्तक दिसतच नाही. ड्युईत मराठी साहित्य ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७, एका आकड्याचा फरक आहे त्यामुळे घाईत टाइप करताना चुकतोच, पुस्तकाच्या कण्यावर स्पाइन लेबल चिकटवायच्या आधी परत एकदा बघा.

इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी झेड ३९.५० (दुसऱ्या लायब्ररीच्या नोंदी शोधून आणायची पद्धत) वापरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून आयत्या खेचता येतात आणि त्याने खूप वेळ वाचतो, पण आयती नोंद आली की डोळे मिटून सेव्ह करू नका, आवृत्ती आणि पानं तुमच्या हातातल्या प्रतीशी ताडून बघा.

तिसरं काम: युनिकोड, यावर जरा जास्त वेळ द्या

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण कुठल्याच कोर्समध्ये तो नीट शिकवत नाहीत. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याला कोड दिसतो, आणि युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना दिलेले ठरावीक कोड. आपल्या डोळ्याला सारखं दिसणारं अक्षर दोन वेगळ्या कोडांनी बनलेलं असू शकतं. 'ॲ' घ्या, हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि 'अ' ला वरून चंद्र लावूनही होतं, स्क्रीनवर जवळपास सारखंच, पण 'ॲरिस्टॉटल' शोधणाऱ्याने एक प्रकार टाइप केला आणि नोंद दुसऱ्या प्रकारात असली तर उत्तर शून्य येऊ शकतं. 'दुसऱ्या' मधला तो र्‍य असाच दोन प्रकारांनी बनतो. 'हिंदी' अनुस्वाराने की 'हिन्दी' अर्ध्या न ने, हा तिसरा प्रकार. म्हणून टाइप करणाऱ्या सगळ्यांचा कीबोर्ड एकच हवा, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड) असेल तर सगळ्यांचा इनस्क्रिप्ट, आणि असे संशयाचे पंचवीस-तीस शब्द कागदावर लिहून टेबलावर चिकटवून ठेवा, आमच्याकडे तो कागद आहे आणि नवीन मुलं सगळ्यात जास्त तोच बघतात.

याहून मोठा त्रास जुन्या फाँटचा. मी आधी एका ठिकाणी होते तिथे मराठी नोंदी युनिकोड यायच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या, त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त वरून मराठीचा अंगरखा घातलेला असतो. डेटा नवीन सॉफ्टवेअरमध्ये घेतला तेव्हा तो अंगरखा गळून पडला आणि मराठी विभागाच्या सगळ्या नोंदी म्हणजे कंस, टिंबं आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. एक सर एम.ए. च्या मुलांसाठी संतसाहित्याची यादी काढायला आले होते आणि स्क्रीनकडे बघतच राहिले. कन्व्हर्टर लावून बरंचसं परत आलं पण जोडाक्षरं आणि रफार जागोजागी मोडले, ते आम्ही तिघींनी दुपारी काउंटर शांत असताना पुस्तक हातात घेऊन एकेक नोंद दुरुस्त केली, जवळजवळ चार महिने. तेव्हापासून कुठलाही डेटा इकडून तिकडे न्यायचा म्हटलं की मी आधी पन्नास नोंदींचा नमुना नेऊन बघते, त्यात मुद्दाम जोडाक्षरंवाली शीर्षकं निवडते, आणि ते डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तुम्हीही तसंच करा.

अशी साफसफाई करायला दोन फुकटची साधनं आहेत, ओपनरिफाइन आणि मार्कएडिट. ओपनरिफाइनमध्ये लेखकांची यादी टाकली की ते एकसारखी वाटणारी नावं गट करून दाखवतं, मग कुठलं रूप ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. पायथनच्या आधी ही दोन शिका, निम्म्याहून जास्त कामं यातच होतात.

चौथं काम: कोहा घरी टाकून मोडून बघा

आपल्याकडे दोन नावं सारखी ऐकू येतात. सोल हे इन्फ्लिबनेटचं, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) गांधीनगरच्या केंद्राचं सॉफ्टवेअर, आणि कोहा हे न्यूझीलंडमध्ये एका लायब्ररीसाठी बनलेलं आणि २००० मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तुमच्या नोकरीच्या ठिकाणी जे असेल ते शिकावंच लागेल, पण कोहाचा फायदा हा की तो फुकट आहे आणि घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स टाकून त्यावर बसवता येतो. पहिल्यांदा बसवताना दोन-तीन दिवस जातील, जाऊ द्या, तेवढ्यात लिनक्सच्या कमांड, डेटाबेस म्हणजे काय, सर्व्हर बंद पडला तर कुठली लॉग फाइल उघडायची हे सगळं समजतं. पन्नास नोंदी भरा, दोन खोटे मेंबर बनवा, पुस्तक इश्यू करा, उशिरा परत घ्या, दंड लागतोय का बघा, मग सगळं पुसून परत टाका.

देवनागरी सर्च लागत नसेल तर घाबरू नका, कोहाचा सर्च ज्यावर चालतो त्या झेब्रा इंडेक्समध्ये आयसीयू (युनिकोड लिप्या नीट हाताळायची सोय) चालू आहे का ते आधी बघा, बहुतेक वेळा गोची तिथेच असते.

पाचवं काम: ई-जर्नल आणि 'घरून उघडत नाहीये' वाले फोन

काउंटरवर आता पुस्तकाइतकेच प्रश्न ई-रिसोर्सेसचे असतात. २०२५ च्या जानेवारीपासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स आणि ६,३०० च्या वर सरकारी संस्था त्यात आहेत, काम इन्फ्लिबनेट बघतं. सरकारी युनिव्हर्सिटीत असाल तर आपल्याला नेमकं काय मिळतं याची विषयवार यादी स्वतः करून विभागांना द्या, कारण बऱ्याच प्राध्यापकांना आपण आता हे जर्नल उघडू शकतो हेच ठाऊक नसतं.

मूळ गोष्ट समजून घ्या, कॅम्पसमध्ये जर्नल उघडतं कारण प्रकाशकाला आपला आयपी ॲड्रेस माहीत असतो. वाघोडिया रोडवर घरी बसलेल्या मुलीचा आयपी वेगळा, म्हणून तिच्याकडे पैसे मागणारं पान येतं. त्यासाठी इन्फ्लिबनेटचं इन्फेड आहे, त्यात युनिव्हर्सिटीचा आयडी-पासवर्ड टाकून घरूनही उघडतं. फोन आला की हे सगळं समजावत बसू नका, स्क्रीनशॉट काढून चार ओळींची पीडीएफ मराठी, गुजराती आणि इंग्रजीत बनवून ठेवा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. 'बेन, खुलतुं नथी' (उघडत नाहीये) असा फोन आला की आधी एवढंच विचारायचं, पान कुठल्या लिंकवरून उघडलंत, दहापैकी आठ जण गूगलवरून थेट गेलेले असतात.

सहावं काम: पीएच.डी. च्या मुलांसोबत बसायला शिका

इथे ग्रंथपालाचं खरं मोल कळतं. शोधगंगेवर (पीएच.डी. थीसिसच्या इन्फ्लिबनेटच्या साठ्यावर) थीसिस चढवणं, त्याचा मेटाडेटा (माहितीची नोंद) भरणं, ओआरसीआयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक) काढून देणं, हे तर आलंच. सिमिलॅरिटीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो त्याचा रिपोर्ट काढणंही आपल्याकडेच असतं. यूजीसीचे २०१८ चे नियम एकदा मुळातून वाचा, तोंडी ऐकलेल्यावर जाऊ नका. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यायचं आणि त्याला जास्तीत जास्त सहा महिने, ४० ते ६० मध्ये एक वर्ष थीसिस देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं हे मोजायचं नसतं, त्यामुळे रिपोर्ट काढताना ते वगळलंय का बघा. आणि मुलांना आधीच सांगा की टक्के म्हणजे फक्त जुळणारा मजकूर, चोरी आहे की नाही ते माणसाने वाचूनच ठरवायचं. मराठी थीसिस जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर सॉफ्टवेअरला आत निरर्थक अक्षरं दिसतात आणि शून्य टक्के येतात, असा शून्य दिसला तर खूश होऊ नका, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, लगेच कळतं.

जर्नल निवडताना पूर्वी आपण यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादी दाखवून मोकळे व्हायचो, ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता मुलाला स्वतः पारखायला शिकवावं लागतं. आयएसएसएन पोर्टलवर जर्नलचा नंबर खरा आहे का, संपादक मंडळातली माणसं स्वतःच्या प्रोफाइलवर त्या जर्नलचं नाव सांगतात का, तीन दिवसांत स्वीकारतो म्हणतात का, पैसे कधी आणि कशाचे मागतात. अर्धा तास सोबत बसलात तर एखाद्याचे दहा-पंधरा हजार रुपये आणि पुढची बदनामी दोन्ही वाचतं.

आणि एआय. गेल्या वर्षी एक मुलगा संदर्भांची यादी घेऊन आला, मॅडम यातले आठ लेख काढून द्या. पाच मिळाले. उरलेल्या तिनांत जर्नलचं नाव खरं, लेखकही खरे, पण त्या अंकाच्या त्या पानांवर दुसराच लेख होता. डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला तर एक उघडलाच नाही आणि एक भलत्याच विषयावर गेला. त्याने चॅटबॉटकडून यादी घेतली होती आणि त्यातले दोन संदर्भ त्याच्या चॅप्टरमध्ये आधीच लिहूनही झाले होते. मी त्याला रागावले नाही, शेजारी बसवून प्रत्येक संदर्भ कसा तपासायचा ते दाखवलं, आधी डीओआय, मग जर्नलच्या साइटवर व्हॉल्यूम आणि पान, मग लेख उघडून निदान गोषवारा. आता तो त्याच्या ज्युनियरना तेच दाखवतो. हे तुम्हाला पहिल्या महिन्यापासून यायला हवं.

सातवं काम: स्कॅनिंग

बडोद्यात जुनी मराठी-गुजराती पुस्तकं भरपूर आहेत त्यामुळे कधी ना कधी तुमच्याकडे हे येणारच. ३०० डीपीआयच्या खाली स्कॅन करू नका, बारीक टाइप असेल तर ४००. मूळ प्रत टिफ फाइलमध्ये ठेवा आणि वाचकाला पीडीएफ द्या. टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने मराठी आणि गुजराती दोन्हीचं ओसीआर (स्कॅनमधल्या अक्षरांचा टाइप केलेला मजकूर) होतं, स्वच्छ छपाईवर चांगलं, शिळाप्रेसच्या पुस्तकावर मात्र फार आशा ठेवू नका. हस्तलिखितांना तर स्वतः हातच लावू नका, त्यासाठी बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरासारख्या ठिकाणची अनुभवी माणसं आहेत, त्यांना विचारून पुढे जा.

कॉपीराइट पाठ करा: लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचंही वर्ष वेगळं मोजायचं, हे हमखास विसरतं.

परीक्षा आणि ट्रेनिंगचं

असिस्टंट लायब्रेरियनला एम.लिब. ५५ टक्के आणि साधारणपणे यूजीसीची नेट ही पात्रता परीक्षा लागते, नेटमध्ये आपला विषय कोड ५९, वर्षातून दोनदा जून-डिसेंबरच्या सत्रात. 'स्वयं' या सरकारी पोर्टलवर फुकट कोर्स असतात. इन्फ्लिबनेटची ट्रेनिंग गांधीनगरला होतात, आपल्याला अहमदाबादपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, म्हणजे बाकी देशातल्या मुलांपेक्षा आपण फारच जवळ आहोत, साइटवर लक्ष ठेवा आणि ऑफिसकडे वेळेत अर्ज द्या. इंटरव्ह्यूत मी पॅनलवर असले तर सर्टिफिकेटं बाजूला ठेवते आणि एक पुस्तक हातात देऊन याची नोंद करून दाखवा म्हणते.

शेवटचं काम, पण पहिल्याच महिन्यात करायचं: बॅकअप

बॅकअप घेतला जातोय का एवढं विचारून थांबू नका, तो परत चढवून बघा. महिन्यातून एकदा घरच्या त्या व्हर्च्युअलबॉक्सवर नाही तर ऑफिसच्या जुन्या पीसीवर शेवटचा बॅकअप रिस्टोअर करा, पाच मराठी शीर्षकं शोधा, एक मेंबर उघडा, जुळतंय का बघा. तीन प्रती ठेवा, एक सर्व्हरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक कॅम्पसच्या बाहेर किंवा क्लाउडवर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा कितीतरी घरांचे आणि दुकानांचे तळमजले दोन-तीन दिवस पाण्यात होते. तुमचा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क कुठल्या मजल्यावर, कुठल्या कपाटात, खालच्या कप्प्यात की वरच्या, हे उद्या सकाळी जाऊन बघा, आणि दोन्ही एकाच खोलीत असतील तर त्याच दिवशी डिस्क वरच्या मजल्यावर हलवायची परवानगी मागा.